कागद कुठे निघाला

जुन्नर, ११ ऑगस्ट २०२५

रत्नदीपदादा, जय भीम.

तुझ्या जहाजावर फोन लागत नाही, मेल मात्र दिवसातून एकदा पोचते, असं प्रज्ञावहिनी म्हणाली. म्हणून हे लांबलचक पत्र. जेवण झाल्यावर वाच.

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात लॅबचं सगळं काम एका जुन्या युनिक्सच्या यंत्रावर चालतं, तुला माहीत आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. ज्याने बसवलं तो गृहस्थ कधीच परदेशी गेला. आता दसऱ्याला त्या यंत्राला झेंडूचा हार घालतात आणि उरलेलं वर्षभर कुणी त्याच्या वाटेला जात नाही. बंद पडलं तर परत चालू होईल का, याची कुणालाच खात्री नाही. आता ट्रस्टने नवा प्रिंटर आणलाय, नेटवर्कवर चालणारा. तो या यंत्राला जोडायचा आहे. "कोण करेल?" असं दवाखान्याच्या मुख्य मॅडमनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मी हात वर केला.

तू म्हणशील, अमृता एवढी शूर कधीपासून झाली? झाले नाही. घाबरले म्हणूनच हात वर केला. तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, वहिनीलाही नाही.

गेल्या महिन्यात कचरा वेगळा करताना गॉजच्या बोळ्यात राहिलेली वापरलेली सुई माझ्या बोटात गेली. खोल गेली. कुणाची होती ते कळायला मार्ग नाही. मी हात धुतला आणि गप्प बसले. असं झालं की लगेच वर कळवायचं असतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू करायचं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण कळवलं की दवाखानाभर होणार, बाबांना, तुझ्या मामांना, कळणार, आणि आळे गावच्या त्या स्थळापर्यंतही जाणार. विचार करता करता औषधाचे दिवस निघून गेले. आता दीड महिना झाला की एचआयव्हीची टेस्ट करायची. बाहेर जाऊन करावी, तर नारायणगावपासून मंचरपर्यंत प्रत्येक लॅबमध्ये माझ्या वर्गातलं कुणीतरी बसलंय. म्हणून आमच्याच लॅबमध्ये दुसऱ्या कुणाच्या नावावर करणार. किटचा हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे यंत्रात नोंद करणं भाग आहे.

अडचण पुढे आहे. निकाल भरला की यंत्र आपणहून कागद काढतं, आणि जुना प्रिंटर आहे बाहेर, केसपेपरच्या खिडकीशी. आमच्या साळुबाई कागद फाडून गाव आणि नाव मोठ्याने पुकारतात. "मढच्या अमक्या बाई, रिपोर्ट घ्या!" तो माणूस नसला तर त्याच्या गावचं जे कुणी बसलं असेल ते म्हणतं, द्या, मी नेतो. आपल्याकडे ही रीतच आहे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नवा प्रिंटर माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर राहणार आहे. टेस्टच्या आधी तो चालू झाला पाहिजे.

कसं जोडायचं ते नीट, लहान मुलाला सांगावं तसं सांग. रात्री जिना चढताना सुद्धा मी बोटाकडे बघते.

तुझी,
अमृता


जहाजावरून, १८ ऑगस्ट

अमे,

आधी शिव्या खा. पोरांना शिकवतेस आणि स्वतः गप्प बसतेस? मॅडमला सांग. आजच सांग. स्थळ गेलं तर जाऊ दे, आळ्यात काय एकच घर आहे? इथे डबक्यासारख्या शांत समुद्रात पाण्याखेरीज काही दिसत नाही आणि तुझं पत्र वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. खलाशी विचारतात, साहेब, घरी सगळं ठीक ना? ठीक आहे म्हणतो.

सांगितलंस तर बरंच, नाही सांगितलंस तरी प्रिंटर जोडून घे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. युनिक्स म्हणजे जुन्या वळणाचा कारकून. नीट सांगितलेलं अगदी मान खाली घालून करतो आणि सांगितलेलं नसेल त्यात स्वतःचं डोकं लावत नाही.

प्रिंटरवर छोटा पडदा असेल. त्यातून त्याला एक मोकळा पत्ता दे. पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. मग यंत्रात एक फाईल असते, तिच्यात प्रत्येक ओळीत एका यंत्राचा पत्ता आणि पुढे नाव. तिथे आपल्या प्रिंटरची ओळ घाल. नंतर त्या नावाला पिंग कर, म्हणजे हाक मार. ओ आली तर तार बरोबर. मग त्या नावाने प्रिंटरची रांग तयार कर आणि ॲक्सेप्ट म्हण, म्हणजे कागद रांगेत उभे राहू लागतील. कमांडा खाली लिहून देतो, अक्षर न अक्षर तशाच टाइप कर. शेवटी नवीच रांग मुख्य कर, म्हणजे जुन्याकडे काही जाणार नाही.

आणि मॅडमला सांग.

रत्नदीप


जुन्नर, २९ ऑगस्ट

दादा,

मॅडमना सांगितलं नाही. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

प्रिंटरला पत्ता दिला. पण ती फाईल उघडली आणि काही टाइप करायचा धीर होईना. एक अक्षर चुकलं आणि यंत्र बंद पडलं तर सगळ्या तालुक्याचे रिपोर्ट माझ्या डोक्यावर. त्यात आमच्या घोडेगावच्या शाखेतल्या प्रिंटरची ओळ आधीपासून होती. ती चालते, रोज तिकडे कागद जातात. म्हणून मी स्वतःची अक्कल वापरलीच नाही. तीच ओळ उतरवून घेतली आणि खाली घोडेगावचं नाव काढून जुन्नर केलं. पिंग केलं, लगेच ओ आली! मी एवढी खूष झाले की साळुबाईंना चहा पाजला. मग तू सांगितलीस तशी रांग केली, ॲक्सेप्ट म्हटलं, तीच मुख्य केली.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर दार लावून टेस्ट केली. दादा, एक रेघ आली तर सुटका, दोन आल्या तर नाही. पहिली आली. मी घड्याळाकडे बघत बसले. मग दुसरी आली. फिकट होती, पण होती. मी खिडकीशी नेऊन बघितली, दिव्याखाली बघितली. होती.

बाहेर पावलं वाजली म्हणून घाईघाईने नोंद केली. एका बाईचं नाव घातलं, वय घातलं, गाव घातलं, पुढे रिॲक्टिव्ह, म्हणजे आजार आहे. आणि प्रिंटरसमोर जाऊन उभी राहिले, कागद निघाला की उचलायचा म्हणून. निघालाच नाही. यंत्राला विचारलं तर म्हणतं, रांगेत एक कागद उभा आहे. तो तिथेच उभा आहे अजून. मॅडमनी सहज रांग बघितली तर? तो बाहेर कसा काढू? बाकीचे रिपोर्ट मी हाताने लिहून देते आहे, प्रिंटर बसवणं चालू आहे म्हणून सांगितलंय.

दादा, मला मरणाची भीती वाटते आहे. ही बोलायची रीत म्हणून लिहीत नाही.

अमृता


जहाजावरून, २ सप्टेंबर

अमे, बाळा,

नीट ऐक. एका टेस्टने काही ठरत नाही. तूच मला एकदा हे सांगितलं होतंस. सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात जा, तिथे तीन वेगवेगळ्या टेस्ट करतात आणि मगच बोलतात. फिकट रेघ कितीदा खोटी निघते. तू शहाणी आहेस, हे तुला माझ्याकडून कळायला नको.

कागदाचं म्हणशील तर चूक माझी. रांगेत उभं राहू देणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. दुसरी कमांड द्यायची मी विसरलो. एनेबल, पुढे प्रिंटरचं नाव, बस. ती दिलीस की अडकलेला कागद त्याच क्षणी निघेल. आजूबाजूला कुणी नसेल तेव्हा दे, प्रिंटरवर हात ठेवून उभी राहा, कागद घे, फाडून टाक आणि थेट केंद्रात जा.

लगेच कळव.

रत्नदीप


जुन्नर, ३ सप्टेंबर

दादा,

दिली कमांड. दार लावलं होतं. एका हाताने टाइप केलं, दुसरा हात प्रिंटरवर.

प्रिंटर हललासुद्धा नाही. त्याचा हिरवा दिवा तसाच. यंत्राला विचारलं तर म्हणतं, रांग रिकामी, काम झालं. काम झालं? कागद कुठे आहे मग? मी प्रिंटरचा ट्रे काढून बघितला, मागचं झाकण उघडलं, टेबलाखाली वाकून बघितलं. बाहेर जाऊन जुना प्रिंटर बघितला, तो तर तारेसकट काढून ठेवलेला. साळुबाई म्हणाल्या, "ताई, काय हुडकताय? सोन्याचं काय पडलं का?" मी म्हटलं, नाही, पेनाचं टोपण.

यंत्र खोटं बोलत नाही, असं तूच म्हणतोस. मग कागद कुठेतरी निघालाय. या जगात कुठेतरी एका टेबलावर तो पडलाय आणि कुणीतरी तो वाचतंय. दारावर टकटक झाली की मला वाटतं, आलं. मॅडम आज नुसत्या हसल्या तरी मी नजर चुकवून आत गेले.

केंद्रात गेले नाही. रस्त्यापर्यंत गेले होते. तिथली समुपदेशक बाबांना ओळखते. परत आले.

अमृता


जहाजावरून, १४ सप्टेंबर

अमृता,

आज प्रिंटरचं काही लिहीत नाही. घरी भयंकर झालंय आणि तिथे माझं म्हणावं असं तूच आहेस.

प्रज्ञाचा मेल आला. आपल्या मढच्या गजराबाई, त्या मेंढरंवाल्या बहिरूच्या घरच्या, घोडेगावला लेकीकडे गेल्या होत्या. नातवाला दाखवायला तुमच्या शाखेत बसल्या होत्या. तिथल्या प्रतिभाने, खिडकीवर बसते ती, पुकारलं, "मढ, बनाबाई भागुजी!" आईचं नाव. गजराबाई म्हणाली, आमच्या शेजारची हाय, द्या, मी नेते. तिला वाचता येत नाही. तिने कागद घरी आणून प्रज्ञाच्या हातात दिला. प्रज्ञाला इंग्रजी येतं. त्याच्यावर आईला एचआयव्ही आहे असं छापलंय.

माझ्या आईला, अमे. बासष्ट वर्षांच्या बाईला. वडील जाऊन बारा वर्षं झाली. प्रज्ञा म्हणते, आईंना विचारलं तर काहीच बोलत नाहीत, नुसत्या खाली बघतात. उन्हाळ्यात गावात रक्त तपासायचं शिबिर झालं होतं, तिथे आई गेली होती, तिथलंच असेल असं सगळे धरून चाललेत. प्रज्ञा बाळाला घेऊन राजुरीला माहेरी गेली आहे. मी तिला दोष देत नाही, बाळ सहा महिन्यांचं आहे, ती भ्यायली. पण जाताना तिने आईचं ताट-वाटी वेगळी काढून ठेवली, हे तिनेच लिहिलंय. आणि गावात ते आता लपलेलं नाही. आई एकटी आहे घरात.

मला उतरायला अजून दोन महिने आहेत. डेकवर उभा राहतो तर चारी बाजूंना पाणी. मी काय करू? तू दवाखान्यात आहेस. शोध घे, हे खरं आहे का. आईला कुणी सुई टोचली, कुठे टोचली, सगळं बघ. तुझ्यावर माझा जीव टांगला आहे.

तुझा कागद सापडला का? विचारायचं राहिलं.

रत्नदीप


जुन्नर, १६ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. बघते मी. काळजी करू नकोस, काहीतरी घोटाळा असेल, अशी नावं पुष्कळ असतात. आत्याला काही होणार नाही. लॅबमध्ये सध्या काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

अमृता


जहाजावरून, २० सप्टेंबर

अमृता,

"अशी नावं पुष्कळ असतात." मढमध्ये बनाबाई भागुजी एकच आहे आणि ती तुझ्या बापाची सख्खी बहीण आहे. हे तू मला लिहितेस?

काल मशीनरूममध्ये पाळीवर होतो. तुझं ऑगस्टचं पत्र पुन्हा उघडलं, उगाचच, जुनं काहीतरी वाचावं म्हणून. आणि एका ओळीपाशी अडकलो. घोडेगावची ओळ उतरवून घेतलीस, नाव बदललंस. पत्त्याचे आकडे बदललेस का? मी तेव्हा वाचलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही, मीही गाढवच. पाकिटावर नवं नाव आणि पत्ता मात्र जुनाच, तर पोस्टमन कुठे जाणार? तू हाक मारलीस तेव्हा ओ दिली ती घोडेगावच्या प्रिंटरने. मी एनेबल करायला सांगितलं आणि तो कागद पंचवीस किलोमीटर लांब, प्रतिभाच्या खिडकीत निघाला.

ओळीतला शेवटचा आकडा बदल, तुझ्या प्रिंटरवर दिलास तो घाल. ते दोन मिनिटांचं काम आहे.

आता सांग. नोंद करताना तू कुणाचं नाव घातलं होतंस?

रत्नदीप


जहाजावरून, ३० सप्टेंबर

अमृता, उत्तर दे. आईने प्रज्ञाचा फोन उचलणं बंद केलंय. उत्तर दे.


जुन्नर, ८ ऑक्टोबर

दादा,

आत्याचं नाव घातलं होतं.

बाहेर पावलं वाजत होती, यंत्र नाव मागत होतं. माझ्या बोटांना दुसरं नाव आठवलं नाही. आठवलं ते आत्याचंच. लहानपणी आईने मारलं की मी आत्याच्याच पदरामागे जायची, तशी गेले. वाटलं होतं, कागद माझ्या हातात येईल, फाडीन, संपलं. वय मोठं घातलं की कुणी माझ्यावर संशय घेणार नाही, एवढा हिशेबही मी केला होता. तुझं १४ तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मी लॅबचं दार आतून लावून घेतलं आणि तुला ते खोटं पत्र लिहिलं. त्यानंतर रोज पत्र लिहायला बसायची आणि जय भीमच्या पुढे जाता येत नव्हतं.

आकडा बदलला. प्रिंटर चालू झाला. पहिला कागद निघाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी पेढा भरवला. तो मी हळूच रुमालात काढून ठेवला.

परवा पौर्णिमा होती, वर्षावासाची समाप्ती. मढला गेले. आत्या चुलीपुढे खीर ढवळत होती. विहारात न्यायची होती. घरात एकटी. दोरीवर बाळाचं एक झबलं राहिलेलं. मी दारातच सगळं सांगितलं, बसलेसुद्धा नाही. सुई, रेघ, तिचं नाव, घोडेगाव. मान वर करायची हिंमत नव्हती.

तिने खीर ढवळायची थांबवली नाही. म्हणाली, "मला ठाव हाय."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. पुन्हा सांगायला लागले.

"अगं ठाव हाय म्हनते ना. मी कुटं दिलंय रगत? त्या शिबिरात चहा-बिस्कीट घेतलं, सुईवाली बाई दिसली, तशी मागल्या दारानं घरी आले. मला लई भ्या वाटतं सुईचं. कागद आला तवाच समजलं, ह्ये कुनी तरी माझ्या नावावर केलंय. आन् त्या दवाखान्यात माझं पुरतं नाव, वय कुनाला ठाव हाय? तुलाच."

"मग बोलली का नाहीस आत्या? वहिनी बाळाला घेऊन गेली, गाव बोलतंय..."

"बोलले असते तर म्हनले असते, तुजं न्हाई तर मंग कुनाचं? हुडकीत तुज्यापतुर आले असते." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "माझं काय? मी येगळ्या ताटात जेवीन. तुजं अजून समदं व्हायचंय. तू बोलू नगंस. कुनाला म्हनून बोलू नगंस. आन् बारीक किती झालीस, बस आधी."

दादा, ती महिनाभर हे एकटीने घेऊन बसली होती. आणि ज्या गोष्टीला मी मरणाएवढी भीत होते, ती तिने माझ्यासाठी गप्प राहून अंगावर घेतली होती. मी खूप रडले. ती म्हणाली, पुरे, खीर खारट व्हईल.

विहारात गेलो. ती दाराशी चपलांजवळ बसली, तिची जागा आता तिथेच. बाकीच्या पातेल्यांच्या रांगेत तिचं पातेलं नव्हतं, तिने स्वतःच ते शेजारी खाली ठेवलं होतं. प्रज्ञावहिनी राजुरीहून आली होती, बाळाला घेऊन पुढे बसली होती. वंदना झाली, ग्रंथाचं शेवटचं वाचन झालं. अध्यक्ष म्हणाले, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. आत्याने माझा हात धरून ठेवला होता. मी सोडवून घेतला आणि मधे जाऊन उभी राहिले.

काय बोलले ते धड आठवत नाही. घोडेगावला निघालेला कागद माझा आहे, एवढं बोलले. रक्त माझं आहे, सुई मला लागली होती, भीतीने मी आत्याचं नाव लावलं. आत्याला काही झालेलं नाही, तिचं रक्त कुणी काढलंच नाही. आणि हेही सांगितलं की एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, पण ते कुणाला पटलं असेल असं वाटत नाही.

माझ्या शेजारच्या दोघीजणी उगाच सरकल्या, जागा करून दिल्यासारख्या. गजराबाई खीर घ्यायला आली होती, ती तोंडाला पदर लावून रडायला लागली, "मीच आनला गं कागद, मला काय ठाव." वहिनी उठली. मला वाटलं, निघाली बाहेर. ती दाराशी गेली आणि बाळ आत्याच्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बरोबरच आहे.

आत्याने बाळाला एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने पातेल्यावरचं झाकण काढलं, वाटीत खीर घातली आणि उठून मधोमध माझ्यापाशी आली. "खा." मी दोन चमचे खाल्ले, पुढे जाईना. तिने माझ्या हातातून वाटी घेतली आणि उरलेली खीर त्याच चमच्याने, सगळ्यांसमोर, खाल्ली. वाटी निपटून घेतली.

काल मॅडमना लेखी दिलं. निकाल येईपर्यंत घरी राहा म्हणाल्या. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. परवा केंद्रात जाते आहे. आत्या येते म्हणते बरोबर. ती स्वतःचंही रक्त देणार, गावाला दाखवायला. मला अजून तितकीच भीती वाटते, दादा. फक्त आता ती सगळ्यांना माहीत आहे.

तू काय म्हणशील ते मला मान्य आहे.

अमृता


जहाजावरून, १० ऑक्टोबर

अमे,

तू माझ्या आईचं नाव घेतलंस, हा राग जाईल असं वाटत नाही. निदान इतक्यात नाही. खोटं लिहून मला तीन आठवडे पाण्यावर तळमळत ठेवलंस, तो वेगळाच. समोर असतीस तर कानाखाली मारली असती आणि मग काय केलं असतं ते मला माहीत नाही.

प्रज्ञाला लिहिलंय की ताट-वाटी परत जागेवर ठेव. तुझ्यासाठीही एक ताट ठेव म्हणून लिहिलंय. निकाल काहीही असो, दिवाळीला तू मढला जेवायला आहेस. आईला सुई टोचताना तिचा हात धर, ती आरडाओरडा करते.

निकाल आला की एक ओळ लिही. वाट बघतोय.

रत्नदीप


जुन्नर, १३ ऑक्टोबर

दादा,

निगेटिव्ह. तिन्ही टेस्ट निगेटिव्ह, दोघींच्या. ती फिकट रेघ खोटी होती. तीन महिन्यांचा काळही उलटून गेलाय, म्हणून हाच शेवटचा निकाल धरायचा, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी त्यांना तीनदा वाचून दाखवायला लावलं.

सुई टोचताना आत्याने खरंच केंद्र डोक्यावर घेतलं. निकाल ऐकल्यावर मात्र पदर सावरून उठली. बाहेर आलो, स्टँडपर्यंत चालत गेलो, मढची गाडी लागलेली होती. मी तिला सांगायला गेले, आत्या, अगं मी वाचले.

ती म्हणाली, "मंग आता जेवायला चल. महिना झाला, मला एकटीला घास ग्वाड लागंना."

अमृता